सत्यघटनांवरील मालिका आणि माहितीपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातील शेजारी, नातेवाईक आणि नोकरीतील जुने सहकारी यांच्याकडून पुन्हापुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. माझी नोकरी सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात गेली. दूध संस्था, पतसंस्था आणि विकास सोसायट्यांची दप्तरे तपासण्याची सवय दूरचित्रवाणीसमोर बसल्यावरही सुटत नाही, हे वाचकांनी गृहीत धरावे.

ही निवड कोणत्या निकषावर केली आहे?

एखादे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते नेमके कोठे बिघडते आणि बिघडल्यावर त्याची झळ कोणाला लागते, हे ज्या मालिकेतून किंवा माहितीपटातून टप्प्याटप्प्याने उलगडते, ती कलाकृती मला आवडते. अभिनय, छायाचित्रण आणि संगीत यांना मी कमी लेखत नाही. तथापि पात्रे ज्या कचेरीत, कारखान्यात किंवा जंगलात वावरतात तेथील कामकाजच जर दिग्दर्शकाला ठाऊक नसेल, तर उत्तम अभिनयही अधांतरी वाटतो. पोलीस ठाण्यात कोणी कधी स्टेशन डायरी लिहीत नाही आणि बँकेत कोणी कधी व्हाउचर फाडत नाही, अशा मालिका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. खालील उत्तरांत ज्यांचा आवर्जून उल्लेख आहे त्या बहुतेक मालिका २०१९ नंतरच्या आहेत.

माहितीपट म्हणजे सत्य आणि मालिका म्हणजे रचलेली गोष्ट, असे समजावे काय?

इतकी सोपी विभागणी करता येत नाही. माहितीपटातील दृश्ये खरी असली तरी शेकडो तासांच्या चित्रणातून कोणता दीड तास ठेवायचा, कोणत्या वाक्यानंतर कोणाचा चेहरा दाखवायचा आणि कोणत्या ठिकाणी संगीत सुरू करायचे, हे सारे संकलकाच्या टेबलावर ठरते. याउलट मालिकेतील संवाद रचलेले असले तरी घटनाक्रम काटेकोर असू शकतो. माझ्या मते प्रेक्षकाने दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली गोष्ट अशी की, जे रचले आहे ते रचले असल्याचे निर्मात्यांनी कोठेतरी कबूल केले आहे काय. दुसरी अशी की, कल्पित पात्रामुळे घटनेचे कारण बदलले आहे काय.

'चेर्नोबिल' (२०१९) या पाच भागांच्या मालिकेतील उलाना खोम्यूक ही शास्त्रज्ञ प्रत्यक्षात कोणी नव्हती. अनेक शास्त्रज्ञांचे काम तिच्या एकटीच्या वाट्याला दिले आहे आणि शेवटच्या भागातील मजकुरात ते स्पष्ट सांगितले आहे. दुर्घटनेची चौकशी करणारे शास्त्रज्ञ वालेरी लेगासोव्ह हे प्रत्यक्षात खटल्याला हजर नव्हते, तरी मालिकेत ते न्यायालयात उभे राहून अणुभट्टीचा स्फोट कसा झाला ते समजावतात. हे स्वातंत्र्य मी मान्य करतो, कारण स्फोटाचे कारण त्यामुळे बदलत नाही आणि सामान्य प्रेक्षकाला ते कळण्याची सोय होते. 'रॉकेट बॉईज' (२०२२) या मालिकेतील मेहदी रझा या कल्पित पात्राविषयी मात्र मला तसे म्हणता येत नाही. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांची मैत्री जिम सरभ आणि इश्वाक सिंग यांनी सुरेख उभी केली आहे. परंतु तिच्याजवळ एक हेवेदावे करणारा प्रतिस्पर्धी बसवल्यावर काही प्रेक्षकांना त्यात मेघनाद साहा यांची छाया दिसली, आणि एका थोर शास्त्रज्ञाविषयी उगाच गैरसमज पसरला.

अलीकडच्या काळातील सर्वांत आवडती मालिका कोणती?

'मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस'. ही चार भागांची मालिका जानेवारी २०२४ च्या पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमधील आयटीव्ही वाहिनीवर दाखवली गेली. तिच्यात खून नाही, पाठलाग नाही, आणि बहुतेक प्रसंग दुकानाच्या गल्ल्यामागे घडतात. तरीही गेल्या काही वर्षांत कोणत्याही मालिकेने मला इतके अस्वस्थ केलेले नाही.

पार्श्वभूमी थोडी सविस्तर सांगावी लागेल. ब्रिटनमधील लहान गावांत टपालाची कामे बहुधा एखादा दुकानदार कराराने करतो. एका बाजूला पाव, वर्तमानपत्रे आणि दुसऱ्या बाजूला टपालखिडकी, अशी ती रचना असते. १९९९ पासून या खिडक्यांवर 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसवण्यात आली. त्यानंतर दिवसअखेरीची रोख आणि संगणकातील शिल्लक यांत तफावत येऊ लागली. करारानुसार तूट भरून देण्याची जबाबदारी दुकानदाराची होती. मदतकेंद्राला फोन केल्यावर अनेकांना असे सांगितले जाई की, तुमच्याखेरीज अशी तक्रार कोणाचीच नाही. लोकांनी घरे गहाण ठेवली, नातेवाइकांकडून उसने आणले, काहींना तुरुंगवास झाला. नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर किंवा खोटे हिशेब लिहिल्याच्या आरोपाखाली दोषी ठरवण्यात आले. दोष संगणकप्रणालीत होता.

पहिल्या भागात जो हॅमिल्टन ही दुकानदार महिला मदतकेंद्राच्या सूचनेप्रमाणे एकेक कळ दाबत जाते आणि तिच्या डोळ्यांसमोर पडद्यावरील तूट दुप्पट होते. मोनिका डोलन या अभिनेत्रीने तो प्रसंग जवळजवळ एकही मोठा हावभाव न करता केला आहे. ज्यांनी कधी मार्चअखेरीस तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिल्लकांचा ताळा, जुळत नाही म्हणून रात्री सोसायटीच्या कचेरीत बसून काढल्या असतील, त्यांना त्या प्रसंगात घशाला कोरड का पडते हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे पतसंस्थांचे संगणकीकरण झाले तेव्हा काही काळ कीर्द-खतावणी हातानेही लिहिली जात असे. तो दुहेरी खर्च आहे अशी कुरकुर तेव्हा सर्वत्र होती. ही मालिका पाहिल्यापासून त्या दुहेरी नोंदीकडे मी अधिक आदराने पाहतो.

टोबी जोन्स यांनी साकारलेले ॲलन बेट्स आरडाओरडा करीत नाहीत. करार संपुष्टात आणला गेल्यानंतरही ते कागद जपून ठेवतात, पत्रे लिहितात, इतर पीडितांना शोधतात आणि अखेरीस ५५५ जणांचा सामुदायिक दावा उभा राहतो. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचे म्हटले. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकदम ३९ जणांची शिक्षा रद्द केली. एवढे होऊनही बहुसंख्य लोकांच्या नावावरील डाग पुसला गेला नव्हता. मालिका प्रसारित झाल्यावर जनमत असे काही उसळले की, मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या संसदेने खास कायदा करून शेकडो शिक्षा एकाच वेळी रद्द केल्या. वर्तमानपत्रांनी आणि एका संगणकविषयक नियतकालिकाने हे प्रकरण २००९ पासून लावून धरले होते, ही बाब विसरता कामा नये. मालिकेने नवे काही उघडकीस आणले नाही. जे छापून आले होते ते तिने लोकांच्या दिवाणखान्यात नेले.

'चेर्नोबिल' आणि 'द रेल्वे मेन' यांपैकी आधी कोणती पाहावी?

आधी 'द रेल्वे मेन' पाहावी, कारण 'चेर्नोबिल' आधी पाहिल्यास 'द रेल्वे मेन'मधील उणिवा अधिक ठळक दिसतात आणि ते तिच्यावर अन्यायकारक ठरते.

'द रेल्वे मेन' (२०२३) ही शिव रवैल दिग्दर्शित चार भागांची मालिका भोपाळमधील २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीवर आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू बाहेर पडला आणि झोपेत असलेले शहर गुदमरले. के. के. मेनन यांनी साकारलेले स्थानक अधीक्षकाचे पात्र भोपाळ स्थानकावरील गुलाम दस्तगीर यांच्यावरून सुचलेले आहे. वरून परवानगी येण्याची वाट न पाहता एक गाडी वेळेआधी रवाना करून त्यांनी असंख्य प्रवाशांचे प्राण वाचवले होते. मालिकेचे बळ याच कामात आहे. बंद पडलेली संपर्कयंत्रणा, सिग्नल, फलाटावरील गर्दीला खोल्यांत हलवणे, ओल्या फडक्यांनी तोंड झाकणे, हे सारे इतके तपशिलाने दाखवले आहे की रेल्वेची नोकरी केलेल्या माणसाने समाधानाने मान डोलवावी. तिजोरीवर डोळा ठेवून आलेल्या चोराचे उपकथानक मात्र मला हिंदी चित्रपटातून उचलून आणल्यासारखे वाटले. या कारखान्यातील धोक्याविषयी दुर्घटनेच्या दोन वर्षे आधी, १९८२ मध्ये, राजकुमार केसवानी या पत्रकाराने आपल्या छोट्या साप्ताहिकातून इशारे दिले होते. त्यांच्यावरून बेतलेल्या पात्राला अधिक जागा मिळावयास हवी होती.

'चेर्नोबिल'मध्ये २६ एप्रिल १९८६ च्या स्फोटानंतर किरणोत्साराचा एक आकडा वरिष्ठांना कळवला जातो: तासाला ३.६ रोंटजेन. आकडा फारसा भयावह नाही म्हणून सर्वांना हायसे वाटते. वस्तुस्थिती अशी की हाताशी असलेले उपकरण त्याहून अधिक मोजूच शकत नव्हते. नोंदवलेला आकडा बरोबर असावा आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष संपूर्ण खोटा असावा, याचे याहून चांगले उदाहरण मला प्रशिक्षणवर्गात कधी मिळाले नाही. क्रेग मेझिन यांचे लेखन आणि हिल्डुर गुडनाडोट्टिर यांचे संगीत यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. मी कचेऱ्यांच्या दृश्यांकडे लक्ष वेधीन, जेथे प्रत्येक जण समोरच्याला काय ऐकायला आवडेल ते सांगतो.

'स्कॅम १९९२' समजण्यासाठी शेअर बाजार कळावा लागतो काय?

नाही, बँकेची पावती काय असते एवढे कळले तरी पुरे. हंसल मेहता यांची ही दहा भागांची मालिका २०२० मध्ये आली आणि प्रतीक गांधी यांच्या हर्षद मेहताने ती घराघरांत पोहोचली. पार्श्वसंगीत तर मोबाइलच्या रिंगटोनमुळे भवानी मंडपातही ऐकू येई. पण गैरव्यवहाराचा खरा गाभा शेअरच्या भावात नसून बँकांमधील सरकारी रोख्यांच्या व्यवहारात होता.

एका बँकेने दुसरीला रोखे विकले की प्रत्यक्ष रोखे हाती पडण्यास वेळ लागे, कारण त्यांच्या नोंदी रिझर्व्ह बँकेत हातानेच होत. म्हणून विकणारी बँक 'तुमचे रोखे आमच्याकडे आहेत' अशी पावती देई. तिलाच बँक रिसीट किंवा बीआर म्हणत. दलाल मध्यस्थी करी, आणि धनादेश त्याच्या खात्यात जमा करण्याची सवलत बँका त्याला देत. आता एखाद्या बँकेने पाठीशी रोखे नसतानाच अशी पावती लिहून दिली, तर तिच्या बळावर दुसऱ्या बँकेचा पैसा उचलून बाजारात लावता येतो, आणि तो परत येईपर्यंत कोणालाही काही दिसत नाही. अशा कोऱ्या पावत्या देणाऱ्या संस्थांत एक नाव आपल्या शेजारचे होते. ते म्हणजे बँक ऑफ कराड. ती बँक १९९२ मध्येच अवसायनात गेली, म्हणजे कायमची बंद करण्यात आली. कोल्हापूर-सातारा भागात ज्यांच्या घरी तिचे पासबुक होते, त्यांना ही मालिका मुंबईची गोष्ट वाटत नाही.

हा गैरव्यवहार उघड करणारी पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी २३ एप्रिल १९९२ रोजी प्रसिद्ध झाली. ती कशी मिळाली, कोणत्या आकड्याचा मेळ लागत नव्हता आणि तो मेळ घालण्यासाठी किती जणांनी दारे बंद केली, हे भाग मालिकेतील सर्वोत्तम आहेत. हर्षद मेहताच्या मोटारी आणि सिगारेटी तरुण प्रेक्षकांना अधिक लक्षात राहिल्या, याला मालिकाही काही अंशी जबाबदार आहे.

'द एलिफंट व्हिस्परर्स' पाहताना नांदणीच्या हत्तिणीची आठवण येते. त्याविषयी आपले मत काय?

जुलै २०२५ नंतर कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न टाळून हा माहितीपट पाहणे कोणालाच शक्य झालेले नाही. शिरोळ तालुक्यातील नांदणीच्या जैन मठातील महादेवी, म्हणजे सर्वांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातेतील जामनगर येथील केंद्रात हलवण्यात आली आणि तिच्यासाठी नांदणीहून कोल्हापुरापर्यंत हजारो लोक पायी चालत आले.

कार्तिकी गोन्साल्विस यांचा हा सुमारे चाळीस मिनिटांचा माहितीपट २०२२ मधला आहे आणि २०२३ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. तमिळनाडूतील मुदुमलैच्या तेप्पक्काडू हत्ती छावणीत बोम्मन आणि बेल्ली हे दांपत्य रघू नावाच्या पोरक्या पिल्लाला वाढवते. रघूची आई विजेच्या धक्क्याने मेली होती. आंघोळ, खाऊचे गोळे, दुधाची बाटली, रात्रीची राखण, असे सारे काम कॅमेऱ्याने शांतपणे टिपले आहे. पुढे वन खाते रघूला त्यांच्याकडून काढून दुसऱ्या माहुताकडे सोपवते. त्या निर्णयाचे कारण माहितीपट फारसे विचारत नाही. आदेश देणाऱ्यांची बाजू ऐकू येत नाही, बंदिवासातील हत्तीचे आयुष्य कसे असावे यावरील वादही ऐकू येत नाही. ही त्याची मर्यादा आहे.

नांदणीच्या बाबतीत दोन्ही बाजू आपण ऐकल्या. एकीकडे तीन दशकांहून अधिक काळाचा लळा, दुसरीकडे तिच्या पायांची अवस्था आणि एकटेपणा यांविषयीचे अहवाल. मी स्वतः लोकांच्या दुःखाशी सहमत आहे, तरीही हत्ती कळपात राहणारा प्राणी आहे हे नाकारता येत नाही. या विषयावर घरात वाद होतो आणि तो येथे मिटणार नाही. मात्र आजरा आणि चंदगड तालुक्यांत उसात आणि केळीत शिरणारे रानटी हत्ती वेगळा प्रश्न घेऊन येतात, आणि त्यांच्याविषयी बोलताना हा माहितीपट उपयोगी पडत नाही. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहावा.

'पोचर' फार हिंसक आहे काय?

काही दृश्ये पाहवत नाहीत, परंतु तो रक्तपात चवीने दाखवलेला नाही. रिची मेहता यांची ही आठ भागांची मालिका (२०२४) केरळमधील हस्तिदंताच्या चोरट्या शिकारीच्या २०१५ मधील तपासावर आधारित आहे. बहुतेक संवाद मल्याळममध्ये आहेत. निमिषा सजयन यांनी केलेली वन अधिकारी कायम दमलेली आणि कायम कामात असते. गाडीला डिझेल नाही, मोबाइलच्या नोंदी मिळण्यास उशीर, वरिष्ठांना सांगावे की नाही याची धास्ती, अशा अडचणींतून तपास पुढे सरकतो. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात गवे पाहायला जाणाऱ्यांनी वनरक्षकाच्या नोकरीची ही बाजू अवश्य पाहावी.

'ऑल दॅट ब्रीद्स' संथ आहे, अशी तक्रार आहे. तरीही शिफारस का?

तक्रार खरी आहे. शौनक सेन यांच्या या माहितीपटात (२०२२) कॅमेरा उकिरड्यावरील उंदरांकडून रस्त्यावरील दिव्यांकडे इतक्या सावकाश सरकतो की प्रेक्षक घड्याळाकडे पाहू लागतो. पण दिल्लीच्या तळघरात नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोन भाऊ ज्या घारी बऱ्या करतात, त्या पंख सावरायला तितकाच वेळ घेतात. मांजाने कापलेल्या, विषारी हवेत कोसळलेल्या घारी खोक्यांतून येत राहतात. पक्ष्यांच्या दवाखान्याने एक जखमी घार ती मांसाहारी आहे म्हणून नाकारली, तेथून हे काम सुरू झाले.

तालमींच्या या गावाला एक तपशील विशेष भावेल. स्नायू आणि शिरा यांची ओळख या भावांना तरुणपणीच्या शरीरसौष्ठवाच्या नादातून झाली आणि तीच घारींच्या पंखांवर उपयोगी पडली. शहरातील तणाव, २०१९-२० मधील आंदोलने आणि दंगल हे सर्व खिडकीबाहेरून ऐकू येते. दिग्दर्शक त्यावर भाषण करीत नाही. सनडान्स आणि कान या दोन्ही महोत्सवांत त्याला माहितीपटाचा सर्वोच्च मान मिळाला.

मराठीत असे काही होत नाही काय?

होते, पण तुरळक. 'मानवत मर्डर्स' (२०२४) ही आठ भागांची मालिका परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७० च्या दशकात झालेल्या हत्यासत्रावर आहे. रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींवर ती बेतली असून आशुतोष गोवारीकर यांनी ती भूमिका संयमाने केली आहे. तपासाचा भाग चांगला आहे; गुप्तधन आणि अंधश्रद्धा यांची दृश्ये मात्र थरारासाठी ताणली आहेत, असे माझे मत झाले. 'अगेन्स्ट द टाइड' (२०२३) हा सर्वनिक कौर यांचा माहितीपट इंग्रजी नावाचा असला तरी त्यातील बोली मुंबईच्या कोळ्यांची आहे. दोन मित्र, एक जुन्या पद्धतीने किनाऱ्याजवळ मासेमारी करणारा आणि दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात जाणारा, यांच्यातील प्रेम आणि ताण पाहताना शेतीकर्जाच्या पट्ट्यातील माणसाला काहीही परके वाटत नाही.

रोजच्या मालिकांविषयी विचारले जाते, म्हणून लिहितो. 'तुझ्यात जीव रंगला'च्या सुरुवातीच्या काळात तालीम, गोठा आणि शेत दिसत होते आणि आपली बोली तिच्या ठसक्यासह ऐकू येत होती. पुढे कटकारस्थाने आली आणि शेत पडद्यामागे गेले.

ज्या शहरात बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२५ मध्ये 'सावकारी पाश'मधून कर्जापायी जमीन गमावून गिरणीकामगार झालेला शेतकरी पडद्यावर आणला, त्या शहराने वास्तवदर्शी मालिकेची अपेक्षा करणे म्हणजे चैन नव्हे. त्या चित्रपटातील तरुण शेतकरी व्ही. शांताराम होते. साखर कारखान्याच्या गव्हाणीपासून बिलाच्या तारखेपर्यंतचा एक हंगाम जरी कोणी आठ भागांत प्रामाणिकपणे दाखवला, तरी महाराष्ट्र श्वास रोखून पाहील.

या यादीत गुन्हेगारीवरील माहितीपट इतके कमी का?

कारण बहुतेकांत मृतांपेक्षा मारेकऱ्याला जास्त वेळ मिळतो. कोल्हापूरने १९९६ मध्ये उघडकीस आलेले बालहत्याकांड पाहिले आहे. त्या बातम्या आठवणाऱ्या पिढीला अशा कथांचे पार्श्वसंगीत सहन होत नाही. अपवाद म्हणून उमेश कुलकर्णी दिग्दर्शित 'इंडियन प्रिडेटर: मर्डर इन अ कोर्टरूम' (२०२२) पाहावा. नागपुरात १३ ऑगस्ट २००४ रोजी वस्तीतील महिलांच्या जमावाने न्यायालयातच एका गुंडाला मारले. त्याआधी त्यांच्या तक्रारींचे पोलीस ठाण्यात काय होत होते, हे त्या महिला स्वतः सांगतात.

मुलांबरोबर काय पाहावे आणि काय टाळावे?

'वाइल्ड कर्नाटक' सर्वांत आधी. डेव्हिड ॲटनबरो यांच्या निवेदनातील हे जंगल आपल्याच सह्याद्रीच्या रांगेत पुढे आहे आणि त्यातील बरेच प्राणी आपल्या घाटांतही आहेत. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातील 'माय ऑक्टोपस टीचर' (२०२०) दाखवावा. शेवट दुःखाचा आहे, तो आधी सांगून ठेवावा.

'ॲडोलसन्स' (२०२५) लहान मुलांसाठी नाही. आठवी-नववीतील मुलांच्या आईवडिलांनी ती प्रथम एकट्याने पाहावी. तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातील मुलीच्या खुनाचा आरोप येतो. चारही भाग प्रत्येकी एकाच सलग दृश्यात चित्रित केले आहेत, मध्ये कोठेही काट नाही. तिसऱ्या भागात मुलगा आणि मानसशास्त्रज्ञ एका खोलीत समोरासमोर बसतात. ओवेन कूपर या मुलाचे हे पहिलेच काम होते आणि त्यासाठी त्याला एमी पुरस्कार मिळाला. मुलाच्या मोबाइलमध्ये काय चालते हे त्याच्या वडिलांना कळत नव्हते, ही गोष्ट इंग्लंडमधील एका गावाची असली तरी राजारामपुरीतील शिकवणीवर्गांबाहेर उभ्या असलेल्या पालकांनाही ती लागू पडते.

हिंदी आवाजातील आवृत्ती पाहावी की मूळ भाषेत उपशीर्षकांसह?

मूळ भाषेत. 'पोचर' हिंदीत पाहिली तर अर्धी मालिका हातची जाते. घरातील ज्येष्ठांना उपशीर्षके वाचणे जड जात असेल तर मात्र आग्रह धरू नये.

खेळांवरील कोणता माहितीपट आवडला?

'द लास्ट डान्स' (२०२०). बास्केटबॉलचे नियम ठाऊक नसतानाही मायकल जॉर्डन आणि शिकागो बुल्सच्या १९९७-९८ च्या हंगामावरील हे दहा भाग सहज पाहता येतात. जॉर्डन सहकाऱ्यांना किती टोचून बोलत असे, हे तो स्वतःच बिनदिक्कत सांगतो. अर्थात त्याच्या कंपनीचा निर्मितीत सहभाग होता, हे ध्यानात ठेवूनच त्याची बाजू ऐकावी. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा सामना शाहू स्टेडियमवर पाहणाऱ्यांना त्यातील चुरस समजावून सांगावी लागणार नाही. या पेठापेठांतील फुटबॉलवर अशा तोडीचा माहितीपट माझ्या पाहण्यात आलेला नाही, आणि खाशाबा जाधव यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवले, तेवढ्या एका प्रसंगावरही तासाभराचा ऐवज सहज होईल.

एवढे सगळे पाहण्यास वेळ नाही. कोठून सुरुवात करावी?

चाळीस मिनिटे असतील तर मुदुमलैचा रघू पाहावा. शनिवार-रविवार मोकळा असेल तर 'द रेल्वे मेन', रोज दोन भाग याप्रमाणे. बँकेत, पतसंस्थेत किंवा टपाल खात्यात नोकरी केलेल्यांनी 'मिस्टर बेट्स' मिळेल तेथून मिळवून पाहावी आणि पहिल्या भागाच्या वेळी फोन बंद ठेवावा. इंग्रजी अडचणीचे वाटत असल्यास 'स्कॅम १९९२' घ्यावी. पहिले दोन भाग भाव-चढउतारांच्या बोलण्यात जातात, ते सोसावेत, बँकेच्या पावत्या पुढे येतात.